फुकट वस्तूचं बिल कुठे लपलेलं असतं?

चेहऱ्याला लावायच्या एका क्रीमची ही हकिगत, पण खरं तर ती तारखांची हकिगत आहे. ‘चौदा दिवस मोफत वापरून पाहा, फक्त पाठवणीचा खर्च भरा,’ अशी जाहिरात होती. मी १ तारखेला ऑर्डर दिली. खोकं आलं १० तारखेला. दोन दिवस ते टेबलावर तसंच पडून होतं. १२ला उघडलं, तीन दिवस क्रीम लावली आणि १५ तारखेला सकाळी मोबाइलवर मेसेज: कार्डावरून बाटलीची पूर्ण किंमत वजा. ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, ट्रायल ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात. आणि तुमची दुसरी बाटली आजच निघालीये.’ दुसरी? मी कधी मागितली? ‘तुम्ही प्लॅन घेतलाय ना, सर.’

फोन ठेवून ते पान पुन्हा उघडलं. सगळं लिहिलेलं होतं हो. ‘मोफत’ हा शब्द तळहाताएवढा, त्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी. त्या चांदणीची जोडीदारीण शोधत खाली जा, आणखी खाली जा, हिरव्यागार बटणाच्याही खाली जा, की पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांत एक लांबलचक वाक्य होतं. त्यात चौदा दिवस कधीपासून मोजायचे तेही होतं, दरमहा एक बाटली येत राहील हेही होतं, आणि रद्द करायचं तर फोनच करावा लागेल हेही होतं. बटण दाबायला तिथवर उतरायची गरजच पडत नव्हती.

असा फटका बसला की आपण म्हणतो, ‘खोटं बोलून फसवलं.’ पुष्कळदा त्यांना खोटं बोलावंच लागत नाही. खोटं सापडलं तर अंगाशी येतं. त्यापेक्षा किंमत उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणं सोपं: कधी पुढच्या महिन्यात, कधी पाठवणीच्या खर्चात, कधी बारीक अक्षरात, कधी परत करायच्या कटकटीत. आपण निर्णय घेतो त्या क्षणी किंमत आसपास दिसता कामा नये, एवढीच काळजी घ्यायची. मोफत वस्तूंच्या बहुतेक फसव्या ऑफर या एकाच खुंटीवर टांगलेल्या असतात, आणि ही खुंटी एकदा ओळखता आली की नवी ऑफर कितीही नटून आली तरी तिच्याकडे बघायची नजर बदलते.

आता, ‘मोफत’ म्हटल्यावर शहाणीसुरती माणसंसुद्धा का घसरतात? क्रिस्टिना शॅम्पानिए, नीना मझार आणि डॅन अरीली या संशोधकांनी यावर एक साधा प्रयोग केला होता. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलावर दोन चॉकलेटं ठेवली. एक उंची, १५ सेंटला. एक साधं, १ सेंटला. माणशी एकच घ्यायचं. १०० पैकी ७३ जणांनी उंची चॉकलेट घेतलं. एवढ्या स्वस्तात ते मिळत असताना कोण सोडेल? मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली. उंची १४ सेंटला, साधं फुकट. दोन्हींतला फरक पूर्वीइतकाच, चौदा सेंटचा. पण आता ६९ जणांनी साधं उचललं. एका सेंटच्या घसरणीने निवड उलटीपालटी झाली, कारण तो सेंट शून्यापाशी येऊन थांबला. पैसे देऊन घेतलेली वस्तू पुढे पस्तावा देऊ शकते. फुकट घेतलेल्या वस्तूत गमावण्यासारखं काही नाही, असं मनाला वाटतं आणि तिथे आपलं मोजणं थांबतं. ‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण थट्टेने म्हणतो. प्रयोगशाळेत ती थट्टा खरी निघाली. आणि मोजणं थांबलेलं गिऱ्हाईक, हीच तर विकणाऱ्याला हवी असलेली वस्तू.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे ‘वस्तू मोफत, पाठवणी तुमची’. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घड्याळ, साखळी, टॉर्च असल्या हलक्या वस्तू यासाठी निवडतात. घाऊकात त्या मातीमोलाने मिळतात. पाठवणीच्या नावाखाली जी रक्कम घेतात तिच्यात वस्तू, खोकं, टपाल आणि वर नफा असं सगळं बसतं. गंमत अशी की पाठवणीचा खरा खर्च किती, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही, त्यामुळे त्याबद्दल भांडणही होत नाही. युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशात नेमकी हीच फट बुजवायचा प्रयत्न केला. ऑफरला प्रतिसाद देणं आणि वस्तू आणून घेणं यांचा जो टाळताच येणार नाही असा खर्च असेल, त्याच्यावर एक छदाम जरी घेतला तरी त्या वस्तूला ‘मोफत’ म्हणायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. नियम चोख आहे. पण दूर कुठल्या तरी देशातून, तीन महिन्यांपुरतं उघडलेल्या दुकानाला तो लावणार कोण?

पाठवणीचा खर्च मागण्यामागे आणखी एक डाव असतो, आणि तो मला जास्त हुशारीचा वाटतो. खरोखरच काहीही घ्यायचं नसेल तर कार्डाचा नंबर कशाला लागेल? छोटीशी रक्कम मागितली की नंबर आपोआप मिळतो. ती रक्कम इतकी किरकोळ असते की आपण दोनदा विचार करत नाही, आणि ती वळती झाली की कार्ड चालू आहे हेही त्यांना कळतं. २०११ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाने अशाच एका जाळ्यावर खटला भरला. वजन उतरवायच्या गोळ्या, दात पांढरे करायची द्रव्यं, सगळं ‘मोफत ट्रायल’वर, फक्त पाठवणीचे थोडे पैसे. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे पाच देशांतल्या ग्राहकांकडून मिळून ४५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली गेली. एकेका माणसाचा आकडा मात्र असा, की पुष्कळ जण ‘जाऊ दे’ म्हणाले असतील. या धंद्याचा सगळा हिशेब त्या ‘जाऊ दे’वर चालतो.

महिन्यामागून महिना बाटल्या येत राहतात, त्याच्या मुळाशी एक जुनी युक्ती आहे. गप्प बसलात, म्हणजे हो म्हणालात. इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून ती चालत आली आहे. १९२६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ याच तत्त्वावर चालायचा: या महिन्याचं पुस्तक नको असेल तर तसं कळवा, नाही कळवलंत तर ते घरी येईल आणि बिलही येईल. पुढे गाण्यांच्या रेकॉर्डी, कॅसेटी विकणाऱ्या क्लबांनी हीच वाट धरली. तक्रारी इतक्या वाढल्या की १९७३ मध्ये तिथे त्यासाठी स्वतंत्र नियम करावा लागला. तरी त्या काळी निदान एक कार्ड टपालाने यायचं. नको म्हणून खूण करा आणि परत टाका. आता कार्डाचा नंबर आधीच त्यांच्याकडे असतो आणि आठवण करून देण्यात त्यांचा काडीचाही फायदा नसतो.

आत जायला एक क्लिक, बाहेर यायला मात्र दमछाक. अशा रचनांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये दिलं आणि ते जगभर रुळलं. हे फक्त भुरट्या दुकानांचं काम आहे असं समजू नका. फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला, त्यात प्राइम सदस्यत्व रद्द करण्याच्या वाटेचं वर्णन होतं: चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. कंपनीच्या आत त्या वाटेला ‘इलियड’ म्हणत, असंही तक्रारीत होतं. न संपणाऱ्या युद्धाचं महाकाव्य! नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, हे मान्य करावंच लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २५० कोटी डॉलरवर तडजोड केली, १०० कोटी दंड आणि १५० कोटी ग्राहकांना परतावा. चूक केल्याचं मात्र कबूल केलं नाही. सामील होणं जितकं सोपं तितकंच रद्द करणंही सोपं हवं, असा सरसकट नियम आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर केला होता. तो जुलै २०२५ मध्ये, लागू व्हायच्या तोंडावर, अपील न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटीवरून रद्द ठरवला.

‘अभिनंदन! तुम्ही निवडले गेला आहात’ हा प्रकार वेगळ्या घराण्यातला. पडद्यावर चक्र फिरतं, नेमकं नव्या फोनपाशी थांबतं, कागदाच्या रंगीत कपट्यांचा पाऊस पडतो. मग चार प्रश्न. मग नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख. मग ‘बक्षीस मिळवण्यासाठी खालीलपैकी दोन ऑफर पूर्ण करा’, त्या पूर्ण केल्या की पुढची पायरी, तिथे आणखी चार. कुठे विम्याची चौकशी, कुठे कर्जाचा अर्ज, कुठे आणखी एक मोफत ट्रायल. फोन मिळेपर्यंत फोनच्या किमतीच्या आसपास खर्च होतो, किंवा माणूस मध्येच कंटाळून सोडून देतो. दोन्हींत तोटा त्याचाच, कारण पहिल्याच पानावर त्याने स्वतःची माहिती दिलेली असते. अशा ‘मोफत भेटीं’च्या जाहिरातींपायी व्हॅल्यूक्लिक या कंपनीने २००८ मध्ये २९ लाख डॉलर भरून याच आयोगाशी तडजोड केली होती, भेट पदरात पडायला आधी बरेच पैसे खर्चावे लागतात हे धडपणे सांगितलं नव्हतं, असा आरोप होता.

इथे पैसा कुठून येतो ते समजलं तर बाकीचं चित्र साफ होतं. जाहिरात करणारा आणि वस्तू विकणारा हे सहसा एक नसतात. मधे दलाल असतात. प्रत्येक भरलेल्या फॉर्ममागे, प्रत्येक घेतलेल्या ट्रायलमागे दलालाला ठरलेली रक्कम मिळते. वस्तू चांगली की वाईट, गिऱ्हाईक पुढे रडलं की हसलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यामुळे जो जास्त फुगवून लिहील तो जास्त कमावतो. आणि तक्रार झाली की विक्रेता हात वर करतो: ती जाहिरात आम्ही लिहिलीच नव्हती.

‘एकावर एक मोफत’चा विषय त्यामानाने सरळ आहे. एकाची मूळ किंमत खरंच काय होती, एवढंच विचारायचं. मेरी कार्टर नावाची रंग बनवणारी एक अमेरिकी कंपनी रंगाच्या एका डब्यावर दुसरा डबा फुकट द्यायची. प्रश्न असा होता की एकटा डबा त्या किमतीला कंपनीने कधी विकलाच नव्हता. म्हणजे ती किंमत मुळात दोन डब्यांची होती. १९६५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेडरल ट्रेड कमिशनची बाजू उचलून धरली: याला फुकट म्हणता येणार नाही. तोच डब्याचा खेळ आज छापील किमतीवर काट मारून चालतो. आधी किंमत चढवायची, मग काटायची. म्हणून युरोपात मे २०२२ पासून नियम आहे की सूट दाखवायची तर आधीच्या किमान तीस दिवसांतली सगळ्यात कमी किंमत सांगायची.

पानावर टिकटिकणारं घड्याळ, ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘आत्ता ४१ जण हे पाहताहेत’ हेही याच कुळातले. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११ हजार खरेदीची संकेतस्थळं यंत्राकरवी तपासली आणि डार्क पॅटर्नचे १,८१८ नमुने सापडले. काही घड्याळं तर शून्यावर पोचूनही ऑफर तशीच चालू ठेवत, काही पान पुन्हा उघडलं की नव्याने सुरू होत. घाई लावण्याचा उद्देश सरळ आहे. राखाडी वाक्यापर्यंत उतरायला वेळ लागतो, तो मिळू द्यायचा नाही.

हा डाव कधीकधी करणाऱ्यावरच उलटतो, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये हूव्हर या व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या कंपनीने १०० पौंडांपेक्षा जास्त खरेदीवर दोन विमानतिकिटं मोफत देऊ केली. आधी युरोपची, मग थेट अमेरिकेची. हिशेब असा की फॉर्म, मुदती, अटी यांच्या चक्रात बहुतेक लोक गळतील. मोफत ऑफरमध्ये ही गळती गृहीतच धरलेली असते. कॅशबॅकचे फॉर्म उगाच किचकट नसतात. पण इथे तिकीट वस्तूपेक्षा कितीतरी महाग होतं. लोकांनी तिकिटासाठीच व्हॅक्यूम क्लीनर घेतले, चिकाटीने फॉर्म भरले, आणि कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा खड्डा पडला. गिऱ्हाइकाने मोजणं सोडलं नाही तर काय होतं, याचं हे उदाहरण म्हणायचं.

मोफत वस्तूच्या बदल्यात पंचतारांकित रिव्ह्यू लिहायला सांगणं, ही आणखी एक चाल. त्यात वस्तू घेणारा फसत नाही, तो लिहिलेला मजकूर वाचून पुढे विकत घेणारे शेकडो जण फसतात. बदल्यात अभिप्राय मागायची ही सोय ॲमेझॉनने २०१६ मध्ये बंद केली. तेव्हापासून तो व्यवहार गटांमध्ये आणि खासगी मेसेजांमध्ये चालतो.

कायदे आता बऱ्याच देशांत आहेत. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा डार्क पॅटर्नची यादी जाहीर केली. त्यात सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे आणि खोटी घाई लावणंही. युरोपात २०१४ पासून ऑर्डरच्या बटणावरच पैसे द्यावे लागतील असं लिहायचं बंधन आहे, तसं नसेल तर ग्राहक त्या कराराला बांधील नाही. मला हा नियम सगळ्यात आवडतो, कारण तो किंमत थेट बोटाखाली आणून ठेवतो. कार्ड कंपन्याही जाग्या झाल्या. मोफत ट्रायल देणाऱ्या विक्रेत्यांनी पूर्ण पैसे कापण्याआधी ग्राहकाला कळवायचं, असे नियम मास्टरकार्डने २०१९ मध्ये आणि व्हिसाने २०२० मध्ये आणले.

माझ्यापुरतं म्हणाल, तर कार्डाचा नंबर टाकण्याआधी मी आता रद्द करायचं पान शोधतो. ते दोन मिनिटांत सापडलं नाही तर तिथूनच माघारी. ट्रायल घेतलीच तर त्या पानाचा तळापर्यंतचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो, कारण पानं बदलतात. मोबाइलवर गजर मुदतीच्या दिवशीचा लावत नाही, तीन दिवस आधीचा लावतो. ॲप काढून टाकलं की सबस्क्रिप्शन बंद झालं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही, पैसे जातच राहतात. कार्ड बदलूनही सुटका होईलच असं नाही, कारण नव्या कार्डाचा नंबर नेहमीच्या विक्रेत्यांना आपोआप कळवण्याची सोय कार्ड कंपन्यांकडे असते. म्हणून रद्द केल्याचं विक्रेत्याकडून लेखी घ्यायचं, आणि तरीही पैसे गेले तर तो मेल जोडून बँकेकडे त्या व्यवहारावर हरकत घ्यायची, उशीर न करता. हरकतीलाही मुदत असते.

क्रीमच्या बाबतीत बँकेने दुसऱ्या बाटलीचे पैसे परत मिळवून दिले. १५ तारखेला रद्द केल्याचा मेल माझ्याकडे होता आणि त्यांनी बाटली पाठवली १६ला. ‘आजच निघालीये’ हे फोनवरचं वाक्य तेवढं धडधडीत खोटं निघालं. पहिल्या बाटलीचे मात्र गेले ते गेलेच. तिथे राखाडी वाक्य त्यांच्या बाजूने होतं, आणि त्याच्या वरचं हिरवं बटण मीच दाबलं होतं.